कॅम्पातला बोकड आणि शालनच्या पाटल्या

गेल्या वर्षी चतुर्थी झाल्यावर मी घरात असलेलं सोनं विकलं आणि त्या पैशांत जमिनीत असलेलं सोनं घेतलं. जमीन पश्चिम आफ्रिकेत होती. तिच्यात सोनं आहे की नाही, हे अजून बघायचं होतं.

मला ओळखणाऱ्या कोणालाही हे खरं वाटणार नाही, कारण मी मुळात भित्रा माणूस. मालवणच्या किनाऱ्यावर जन्मलो, पण सिंधुदुर्ग किल्ला आयुष्यात एकदाच पाहिला, आणि होडीत बसण्याआधी होडीवाल्याला पोहता येतं का, ते तीनदा विचारलं. (तिसऱ्यांदा विचारल्यावर तो म्हणाला, "माका येता ओ, पण तुमका काढतलंय काय नाय, ता आता विचार करून सांगतंय.") ओरोसला एका सरकारी कचेरीत आवक-जावकच्या टेबलावर बत्तीस वर्षं बसलो. शिक्का मारला की तो नीट उठलाय ना, हे बघण्यासाठी कागद उजेडात धरायचो. निवृत्तीच्या समारंभात साहेब म्हणाले, "यांच्या हातून बत्तीस वर्षांत एकही चूक झाली नाही." टाळ्या पडल्या. खरं म्हणजे बत्तीस वर्षांत माझ्या हातून काहीच झालं नव्हतं!

ती कसर मी निवृत्तीनंतर एका दमात भरून काढली.

याला कारण इनास. इनास माझा शाळेपासूनचा दोस्त, शेजारच्याच वाडीत राहतो. अठरा वर्षं तो परदेशात सोनं शोधणाऱ्या कंपन्यांच्या कॅम्पात स्वयंपाकी होता. या छोट्या कंपन्यांची खाण नसते बरं का! त्या रानात तंबू ठोकतात, यंत्राने जमिनीत खोल भोकं पाडतात, आतला दगड काढून तपासायला पाठवतात, आणि सोनं लागलं तर त्यांच्या शेअरचा भाव आभाळाला लागतो. नाही लागलं तर तंबू गुंडाळतात. इनासला दगडातलं काही कळत नव्हतं. पण त्याला जेवणातलं कळत होतं, आणि त्यावरून त्याने स्वतःचं एक शास्त्र बसवलं होतं.

"बाळू, तुका सांगतंय," आमच्या पडवीत चहा पिता पिता तो म्हणाला, "दगडवालो सायब जेवणाक बसलो आणि वाटीभर भात खावन उठलो, तर खाली काय नाय. दोन ताटां जेवलो आणि माका येवन मिठी मारल्यान, तर समजायचां, गावलां!"

"मगे तू शेअर कित्याक घेवक नाय तेवा?"

"तेवा माका शेअर खंय ठावक होते? मी आपलो भात वाढी होतंय!" त्याने हळूच फोन पुढे केला. "पण आता बघ. माझ्या जागेर जो पोरगो कुक म्हणान लागलो, तेचो मेसेज. काल कॅम्पात अख्खो बोकड कापलो."

"अख्खो?"

"मुंडक्यासकट!"

आता, शहाण्या माणसाने कंपनीचा अहवाल वाचला असता. मी बोकडावर विश्वास ठेवला. पुण्याला नोकरी करणाऱ्या माझ्या मुलाने, निखिलने, परदेशी शेअर घ्यायचं ॲप माझ्या फोनवर कधीतरी हौसेने टाकून दिलं होतं. ("बाबा, नुसतं बघत जा, हात लावू नका.") कंपनीचं नाव सांगत नाही, कारण मला ते अजूनही एका श्वासात म्हणता येत नाही. राहता राहिला पैशाचा प्रश्न. पेन्शन शालनच्या, म्हणजे माझ्या बायकोच्या, डोळ्यांखालून जाते. तिच्या डोळ्यांखालून न जाणारी एकच गोष्ट माझ्या हातात होती, आणि ती नेमकी तिचीच होती.

पाटल्या!

या पाटल्या माझ्या आईने शालनच्या हातात घातल्या त्या तिच्या पहिल्या ओवशाला. आमच्याकडे घरात नवी सून आली की ती गौरीच्या दिवशी सूप भरून गौरीला ओवाळते, तो ओवसा. त्या दिवशी सासू सुनेला काहीतरी सोन्याचं देते. शालनने तेव्हापासून ठरवून ठेवलं होतं की याच पाटल्या आपण निखिलच्या बायकोला पहिल्या ओवशालाच घालायच्या, तोवर नाही. वर्षभर त्या बँकेच्या लॉकरमध्ये असत. चतुर्थीला मी त्या घरी आणायचो, गौरीच्या हातांत घालायच्या, आणि गौरी-गणपती गेले की मीच परत नेऊन ठेवायचो. बँकेची पायरी चढायला शालनला आवडत नाही. तिथला पंखा तिच्या डोक्यावर पडेल असं तिला वाटतं. (एका घरात दोन भित्री माणसं म्हणजे काय, ते आमच्या पाहुण्यांना विचारा.)

तर गेल्या वर्षी मी पाटल्या घेऊन बँकेत निघालो आणि कसालच्या बाजारात एका सोनाराकडे उतरलो. मालवणातले सगळे सोनार शालनला ओळखतात.

सोनाराने पाटल्या उलट्यासुलट्या केल्या. "जुनां सोना आसा. कोणाचा?"

"आईचं," मी म्हणालो. घाबरलो की मी कचेरीतलं मराठी बोलतो. "तिची प्रकृती जरा ठीक नाही."

"बरी होतली, काळजी करू नकात."

"आभारी आहे," मी म्हणालो. आईला जाऊन अकरा वर्षं झाली होती. माझं हे बोलणं ऐकून मात्र तिची प्रकृती नक्की बिघडली असणार.

एस्टीच्या थांब्यावर येऊन उभा राहिलो. मनाची समजूत घातली की वर्षभर वेळ आहे. शेअर वाढतील, आपण तशाच्या तशा पाटल्या करून आणू, वर शालनला कानातलं. आणि निखिलचं लग्न तर अजून ठरलंही नव्हतं. एका वर्षात कोणाचं लग्न ठरतं!

तीन महिन्यांत ठरलं, आणि मे महिन्यात झालंही. वैभववाडीची मुलगी, मृणाल. गुणी, शांत, हसरी. तिला बघून घरातली सगळी माणसं खूश झाली आणि मी मनात पुढच्या चतुर्थीपर्यंतचे महिने मोजले.

शेअरचं म्हणाल तर पहिले पंधरा दिवस तो वर गेला. मी खुशीत येऊन दोनदा सुरमई आणली. शालन म्हणाली, "पेन्शन वाढली की काय?" त्यानंतर तो उतरायला लागला, आणि उतरण्याची त्याला इतकी गोडी लागली की थांबायचं नावच घेईना. मी इनासकडे धावलो.

"इनास, बोकडाचां काय झालां? भाव पडता रे!"

इनास खाली बघून नारळाच्या झाडाला पाय घासायला लागला. "अरे, तो बोकड... तो म्यानेजराच्या निरोपाचो होतो."

"म्हणजे?"

"म्यानेजर नोकरी सोडून गेलो, म्हणान पार्टी!"

बुडणाऱ्या कंपनीतून मॅनेजर पळाला, त्याच्या पंगतीचा बोकड बघून मी तिच्यात शिरलो होतो! मी मटकन पायरीवर बसलो. इनासही बसला. त्यानेही आपल्या बायकोचा फ्रीज घ्यायचा बेत मोडून थोडे शेअर घेतले होते, हे तेव्हा कळलं. दोघांनी मिळून एक पाण्याचा तांब्या संपवला.

विकून टाकावं, तर कंपनीकडून महिन्याला एक पत्र यायचं आणि मी अडकायचो. "सातव्या भोकात उत्साहवर्धक खुणा." "नमुने प्रयोगशाळेकडे रवाना, निकालाची प्रतीक्षा." "सोनं अधिक खोलीवर असण्याची दाट शक्यता." ही भाषा कुठेतरी ऐकली आहे असं सारखं वाटायचं. एके दिवशी लख्ख आठवलं. 'कार्यवाही सुरू आहे.' बत्तीस वर्षं मी स्वतः हे लिहून माणसांना परत पाठवलं होतं! आता आफ्रिकेतून कोणीतरी तेच मला लिहीत होतं, आणि मी त्या बिचाऱ्यांसारखाच आशेने मान हलवत होतो. मध्येच कंपनीचे पैसे संपले की ती आणखी नवे शेअर काढायची. सोलकढी तेवढीच आणि पंगतीत पानं वाढत चालली, तशी माझ्या वाटणीची वाटी पातळ होत गेली.

पण खरी भीती ती नव्हे. खरी भीती रोज सकाळी सहा पानांच्या पेपरात घडी होऊन घरात यायची. सोन्याचा भाव! तो वर्षभर नुसता चढत होता. सोनं महागलं की सोन्याच्या कंपनीचंही भलं होईल, असं तुम्हाला वाटेल. मलाही वाटलं होतं. पण माझी कंपनी बाजूला बसून भोकं पाडत राहिली. सोनं चढलं की पाटल्या परत करणं लांब जायचं, म्हणून धडकी. एखाद्या दिवशी सोनं पडलं की शेअर आणखी पडायचा, म्हणून धडकी. जगात सोन्याचं काहीही झालं तरी ज्याला घाम फुटतो, असा माणूस मी एकटाच असेन.

आणि शालन? ती पेपर घेऊन माझ्या शेजारी पडवीत बसायची.

"अवो, बघलात? परत चडला! आपल्या पाटल्यांचे आता किती येतीत ओ?"

"देव जाणे."

"देवाक कित्याक, तुमी सांगा ना. तुमी तर हिशोबात पक्के!"

मी चहाचा कप तोंडाला लावायचो. त्यात चहा नसायचा.

पुढे तिने शेजारणींना बोलावून सांगायला सुरुवात केली. "माझ्या सासूबायची नजर बघा, तेवाच घेवन ठेवल्यान. आमच्या सुनेक पयल्या ओवशाक हेच घालतलंय." आणि मला: "अवो, लॉकराची चावी नीट आसा मा?" रोज! रोज मी चावी दाखवायचो. चावी अगदी नीट होती. रिकाम्या लॉकरची इतकी काळजी जिल्ह्यात दुसऱ्या कोणी घेतली नसेल.

चतुर्थी जवळ आली तशी माझी अन्नावरची वासना गेली. शालनला वाटलं, पित्त. तिने कोकमाचं आगळ पाजलं. शेवटी, जे कोणीही भित्रा माणूस करेल तेच मी केलं. मालवणच्या बाजारात जाऊन 'एक ग्रॅम'च्या पाटल्या आणल्या, म्हणजे वरून सोन्याचं पाणी, आतून पितळ. दिसायला हुबेहूब! जुन्या फडक्यात बांधून, बँकेतून आणल्यासारखा चेहरा करून घरी आलो. सुदैवाने शालनचे हात करंज्यांच्या पिठात होते. ती म्हणाली, "डब्यात ठेवा. गौरीच्या दिसाक सोडतलंय गाठ."

मी ठेवल्या. आणि मग आठवलं की शालनला तराजू लागत नाही. ती सोनं तळहातावर घेऊन गुंजभर कमी-जास्त सांगते. एकदा एका लग्नात नवरीच्या हाराला नुसतं बोट लावून ती "ह्या गिलिट" म्हणाली होती, आणि ते लग्न अर्धा तास थांबलं होतं.

चतुर्थीच्या आदल्या दिवशी आम्ही सगळे तात्यांच्या घरी माटवी बांधत होतो. तात्या म्हणजे माझे थोरले चुलते, वय शहाऐंशी, आवाज वीस. गणपती त्यांच्याच घरी असतो. गणपतीच्या डोक्यावर लाकडी चौकट टांगून तिला नारळ, सुपाऱ्या, काकड्या, रानातली फळं बांधायची, ती माटवी. मी स्टुलावर चढून नारळ बांधत होतो आणि खिशातला फोन थरथरला. अकराव्या भोकाचा निकाल! मी एका हाताने वाचला. "उल्लेखनीय काही आढळले नाही."

हातातला नारळ सुटला आणि खाली उभ्या निखिलच्या पायापासून वीतभर अंतरावर फुटला.

"बाबा! बरं वाटत नाही का?"

"शकुन चांगलो आसा," तात्या म्हणाले, "नारळ फुटलो!"

तेव्हा मला एकदम सुचलं. माणसांकडून काही होण्यासारखं उरलं नव्हतं. आमच्याकडे अशा वेळी गाऱ्हाणं असतं. गणपती बसला, आरती झाली की घरातला थोरला देवापुढे उभा राहून सगळ्यांच्या वतीने देवाला खणखणीत आवाजात अडचणी सांगतो, आणि प्रत्येक वाक्याला जमलेले सगळे म्हणतात, "होय म्हाराजा!" त्या गाऱ्हाण्यात माझा एक शब्द पडला तर? मी तात्यांना न्हाणीघराच्या बाजूला गाठलं.

"तात्यानू, उद्या गाऱ्हाण्यात माझा एक काम घेतल्यात तर बरां होयत."

"कसला काम?"

"असांच... एक अडचण."

"असांच म्हटल्यार देव खंय बघतलो? तेका पुरो पत्तो देवक व्हयो!"

हे मला तंतोतंत पटलं. विषय आणि संदर्भ नसलेला अर्ज मी बत्तीस वर्षांत एकही पुढे जाऊ दिला नव्हता. देवाच्या कचेरीतही आवक-जावकला कोणीतरी माझ्यासारखाच बसलेला असणार! मी इकडेतिकडे बघून तात्यांना सगळं सांगितलं. पाटल्या, कसाल, आफ्रिका, बोकड, एक ग्रॅम. तात्या डोळे मिटून ऐकत होते.

"कोणाक सांगू नकात हां, तात्यानू!"

"खुळो काय तू? ह्या कानाचा त्या कानाक कळाचा नाय," असं म्हणून तात्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. वर्षभरात पहिल्यांदा मला भूक लागली.

दुसऱ्या दिवशी गणपती बसला. पुण्या-मुंबईची, गोव्याची सगळी माणसं आली होती, चाळीसेक तरी. इनास दरवर्षीप्रमाणे मोदकाला आला होता आणि दाराशी उभा होता. आरती झाली. तात्या पुढे झाले, हात जोडले, आणि त्यांचा तो वीस वर्षांचा आवाज लागला.

"बा देवा गणपती म्हाराजा!"

"होय म्हाराजा!"

"आज वर्साचो दिवस. खंयखंयसून तुजी लेकरां धावान तुज्या पायाकडे इली आसत!"

"होय म्हाराजा!"

"निखिलाचा लगीन झाला, घरात नवी सून इली. तिका सुखात ठेव!"

"होय म्हाराजा!"

"आणि ह्यो तुजो बाळू. ह्यो लहानपणापासून भियाड!"

"होय म्हाराजा!" (इथे आवाज जरा जास्तच एकमुखी आला.)

मी हात जोडून, डोळे मिटून उभा होतो. वाटलं, आता म्हणतील, 'तेची अडचण दूर कर', आणि संपेल.

"ह्येका गेल्या वर्साक काय बुद्धी झाली ती तुका ठावक! आपल्या बायलेच्यो पाटल्यो घेवन ह्यो कसालाक गेलो आणि इकून इलो!"

"होय म्हाराजा!"

त्यात शालनचा आवाज मला स्वच्छ ऐकू आला. तिची काही चूक नाही. आमच्याकडे मूल बोलायला शिकतं तेव्हापासून तात्यांनी श्वास घेतला की तोंडातून 'होय म्हाराजा' जातंच. कानाला अर्थ नंतर पोचतो. तिच्या कानाला तो पोचत होता. मला डोळे उघडायचं धैर्य होईना.

"त्यो पैसो ह्येणी आफ्रिकेच्या सोन्यात घातल्यान!"

"होय... म्हाराजा." अर्धी माणसं गळली.

"ता सोना आसा काय नाय, ता आजून कोणाक ठावक नाय!"

"होय म्हाराजा!" एवढं फक्त लहान पोरं म्हणाली. आणि दारातून इनास.

तात्यांच्या धोतराला धरून ओढावं असं वाटत होतं, पण देवाशी बोलणाऱ्या माणसाला अडवायचं नसतं. त्यांना मुळात आपण काही वावगं करतोय असं वाटतच नव्हतं! त्यांनी कोणालाही सांगितलं नव्हतं. ते देवाला सांगत होते.

"आणि आता बायलेक कळू नये म्हणान ह्येणी पितळेच्यो खोट्यो पाटल्यो आणून डब्यात ठेवल्यान हत!"

समया तेवढ्या तडतडत होत्या. आणि त्या शांततेत, छप्पन्न वर्षांच्या सवयीने, एकच आवाज खणखणीत उठला.

"होय म्हाराजा!"

माझा!

"तर बा म्हाराजा," तात्या कळवळून म्हणाले, "त्या जमनीत सोना आसात तर वर काढ! नसात तर नेवन घाल! पण ह्या लेकराची भीती घालव!"

याला मात्र कोणीच काही म्हणालं नाही. मी एक डोळा उघडला. शालन माझ्याकडे बघत नव्हती. ती गणपतीकडे बघत होती. आमच्याकडे गणपती घरात असताना आवाज चढवायचा नाही, हा दंडक आहे, आणि त्या दंडकाने मला त्या क्षणी वाचवलं असं मला वाटलं. ती अगदी सावकाश पुढे आली. मोदकांचं ताट देवापुढे ठेवलं. पदर सारखा केला.

"तात्यानू," ती इतक्या हळू म्हणाली की मागच्यांनी माना पुढे काढल्या, "माजा पण एक गाऱ्हाणा घाला."

"सांग गो."

ती हळू सांगत गेली आणि तात्या ते गावभर ऐकू जाईल असं देवाला कळवत गेले.

"बा देवा म्हाराजा, ह्या माणसान ते शेअर जे काय येतीत त्या भावान इकून टाकूचे!"

"होय म्हाराजा!" आता घर हाललं. चाळीस माणसं परत शुद्धीवर आली होती.

"फोनार सोन्याचो भाव परत बघूचो नाय!"

"होय म्हाराजा!"

"इनासान ह्या घरात बोकडाचा नाव काढूचा नाय!"

"होय म्हाराजा!" इनास म्हणाला. त्याच्या तोंडात मोदक होता, तरी म्हणाला.

"आणि तश्योच पाटल्यो परत घरात येयपर्यंत, रोजचो नारळ ह्येणी खोवूचो!"

"होय म्हाराजा!" बायकांच्या बाजूने जो आवाज उठला, तसा मी त्या घरात कधी ऐकला नव्हता. रोजचा नारळ म्हणजे काय हे ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: आमच्याकडे नारळाशिवाय चहा तेवढा होतो.

जेवणं आटोपल्यावर मी मागच्या दारी गेलो. शालन पातेली पुसत होती. मी म्हटलं, "राग इलो मा?"

"पाटल्यांचो नाय," ती म्हणाली. तिचे डोळे भरले होते. "वरीसभर माझ्या बाजूक बसान पेपर वाचलात. एकट्यानी भियालात. माका सांगलात असतात तर दोघां मिळान भियालो असतो!"

वर्षभर मी कल्पनेत तिचा आरडाओरडा ऐकला होता, तिचं माहेरी जाणं पाहिलं होतं. हे एवढंच वाक्य माझ्या कल्पनेत आलं नव्हतं. मी तिच्या हातातलं पातेलं घेतलं आणि पुसायला लागलो. लाज वाटली, खूप वाटली.

गौरीच्या दिवशी मृणालने सूप भरलं, ओवाळलं, आणि शालनपुढे वाकली. शालनने आपल्या हातातल्या रोजच्या दोन सोन्याच्या बांगड्या काढल्या आणि तिच्या हातांत सरकवल्या.

"आई, नको. तुमचे हात मोकळे दिसतात," मृणाल म्हणाली.

"दिसांदेत गो. बघणाऱ्याक आठवण रवता," असं म्हणून शालनने माझ्याकडे बघितलं. मी माटवीतल्या काकड्या मोजायला लागलो.

शेअर मी पुढच्या सोमवारीच विकले. आलेल्या पैशांत मृणालला नाकातली चमकी झाली, आणि उरलेल्यात एक नवा आडाळो आला. आडाळो म्हणजे आमच्याकडची नारळ खोवायची विळी, पुढे दातेरी पातं असलेली. पितळेच्या पाटल्या शालनने त्याच्या वरच खिळ्याला टांगल्या आहेत. रोज सकाळी तिथे बसून मी खोवतो, आणि पेन्शनीतून दर महिन्याला थोडं थोडं खऱ्या पाटल्यांसाठी बाजूला पडतं. आता मला पूर्वीसारखी धडकी भरत नाही. भरली तर मी आतल्या खोलीकडे बघून "शालन, भीती वाटता गो" असं ओरडतो. तीही तिथून "माका पण!" म्हणते, आणि मग आम्हाला दोघांनाही जरा बरं वाटतं.

काल इनास आला होता. शब्दाला जागून त्याने बोकडाचं नाव काढलं नाही. नुसता माझ्याकडे बघत बसला आणि म्हणाला, "शेवटी खोदकाम तुकाच गावला मरे!"

खरं आहे. आणि कंपनीसारखं नाही, माझ्या प्रत्येक भोकात माल लागतो. पांढराशुभ्र, रोज, आणि निकालाला प्रयोगशाळा लागत नाही. शालन स्वतः येते, करवंटी उजेडात धरते, जशी मी शिक्के बघायचो तशी, आणि परत माझ्या हातात देते.

"आजून खाली आसा. खणा!"

वर्षभर कंपनीही मला हेच सांगत होती. फरक एवढाच, की हिचं खरं निघतं.

"होय म्हाराजा," मी म्हणतो, आणि खणायला बसतो.